चीत झाल्यावर

पाठ मॅटला लागली तशी मी थांबले. उठून बसले, केस मागं सारले आणि समोरच्या बाईला हात पुढं केला.

"जिंकलात," मी म्हटलं.

नफिसा तिचं नाव. राजारामपुरीत तिचं पार्लर होतं. लग्नसराईत नवऱ्या सजवून घरी परतायला तिला अंधार पडायचा, म्हणून ती ह्या स्वसंरक्षणाच्या क्लासला येत होती. ती माझ्या हाताकडं बघतच राहिली.

"अगं बाई, मी अजून काही केलंच नाही," ती म्हणाली. "तू नुसती पडलीस."

"पडले तेच की. पाठ टेकली."

तेवढ्यात मेल्विन सर आले. सर सावंतवाडीचे, अंगानं काटकुळे, डोळ्यांना चष्मा. रस्त्यात दिसले असते तर गणिताचे मास्तर वाटले असते. कान मात्र पहिलवानासारखे फुटलेले. खरं सांगायचं तर ते कान बघूनच मी क्लासला नाव घातलं होतं. फुटक्या कानाच्या माणसावर आमच्या गावात डोळे झाकून विश्वास ठेवतात.

"काय झाला गो? उठलंस कित्याक?"

"सर, पाठ टेकली माझी."

"मगे?"

"मग काय? चीत झाले. संपली कुस्ती."

सगळा क्लास हसला. सर नाही हसले. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाय, हय कुस्ती नाय. हय पाठ टेकली की आपला काम सुरू होता. रस्त्यावर कोणी तुका पाडल्यान, तर तू त्याका शेकहँड करतलंस?"

मला राग आला. राग मला पटकन येतो, अजूनही येतो. पहिल्याच दिवशी चारचौघांत हसू झालं म्हणून मी पुढचा तासभर कुणाशी बोलले नाही. पण सरांचं म्हणणं डोक्यातून जाईना, कारण माझ्या नोकरीचाच प्रश्न होता.

आता त्याला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच जनावरांची डॉक्टर झाले होते आणि सरकारी दवाखान्यात नेमणुकीचा आदेश आला होता. सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या घरापासून पार महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. गावाबाहेर दवाखाना, त्याच्या मागं क्वार्टर, आणि क्वार्टरमध्ये मी एकटी. मला ते इतकं आवडलं होतं, की आदेश वाचल्या वाचल्या मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडले होते.

आबांनी एका शब्दात निकाल लावला. "न्हाई."

आमचे आबा म्हणजे बळवंत पहिलवान. गाव कोल्हापूरला खेटून, पंचगंगेच्या पलीकडं. पण आबांचं नाव नदी ओलांडून लांबवर गेलेलं. ऐन उमेदीत त्यांच्या पाठीला कुणी माती लावली नाही. तो अभिमान त्यांच्या चालण्यात होता, बसण्यात होता, चहाची बशी धरण्यात होता. साठी उलटली तरी गावातली पोरं त्यांच्यासमोरून जाताना खिशातले हात बाहेर काढायची.

मी तीन दिवस जेवले नाही. म्हणजे आबांच्या समोर जेवले नाही. आई मागच्या दारानं भाकरी द्यायची. चौथ्या दिवशी आबा ताटावरून म्हणाले, "मैने, माणूस अंगावर आला तर काय करशील? तिथं मी न्हाई, विशू न्हाई."

"सोडवून घेईन स्वतःला."

"तू?"

"मी."

"बरं. मग दाखव." आबांनी ताट बाजूला सारलं. "हजर व्हायच्या आधीचा रविवार. आपल्या अंगणात. विशू तुला धरंल. सुटून रस्त्यावरच्या दारातनं बाहेर पडलीस तर खुशाल जा. चीत झालीस तर नोकरीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

विशू म्हणजे माझा चुलतभाऊ विश्वजित, आमच्या शेजारच्याच घरात राहणारा. तालमीतला पोरगा, रोज दूध-बदाम खाणारा, दारातून आत येताना दार लहान वाटावं एवढा. तरी मी म्हटलं, "कबूल."

दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन क्लास शोधला. आबांना सांगितलं तर म्हणाले, "जुजुत्सू? आणि त्यात काय शिकवत्यात?"

"जमिनीवर पडल्यावर काय करायचं ते."

"लोळायचं शिकायला क्लास!" आबा एवढे हसले की आई चुलीपासून उठून बघायला आली.

तर अशी मी तिथं आलेली, आणि माझं सगळं घोडं त्या एकाच गोष्टीवर अडलेलं. डाव मला पटापट समजायचे. पकड चांगली होती. म्हशीच्या पोटात हात घालणाऱ्या बाईला मनगटात जोर असतोच. पण खांदे खाली टेकले रे टेकले, की माझं अंग आपोआप ढिलं पडायचं. लहानपणी आबा अंगणात मला आणि विशूला झुंजायला लावायचे. खांदे टेकले की आबा ओरडायचे, "चीत!" त्या क्षणी दोघांनी थांबायचं, उठायचं, हात मिळवायचा. हा रिवाज मोडला तर पाठीत धपाटा. मी बारा-तेरा वर्षांची झाल्यावर माझ्या कुस्त्या बंद झाल्या, पण तो "चीत" अंगातच राहिला होता.

सरांनी मला सगळ्यांत आधी साधं सरकणं शिकवलं. पाठीवर पडून, एका कुशीवर होऊन, गुडघे पोटाशी घेऊन कंबर मागं ढकलायची.

"सुंगटासारखी वाकडी हो गो, सुंगटासारखी!"

"सुंगट म्हणजे?"

"कोलंबी! तुमी घाटावरच्यांनी जेवणात काय बघितल्यानी?"

मग पूल. कुणी पोटावर चढून बसलं, तर त्याचा एक हात आपल्या छातीशी घट्ट धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायानं अडकवायचा, आणि कंबर जोरात वर उचलून त्या अडकवलेल्या बाजूला त्याला उलथवायचं. टेकायला हातही नाही आणि पायही नाही, म्हटल्यावर कितीही जड माणूस कलंडतो. एवढं साधं. पण त्यासाठी आधी पाठीवर पडल्या पडल्या शरणागती पत्करायची नाही, आणि नेमकं तेच मला येत नव्हतं.

त्यावर औषध काढलं नफिसानं.

एके दिवशी मी अशीच ढिली पडले तर ती माझ्या पोटावर ठाण मांडून बसली. "आता मी उठणार नाही," म्हणाली. "तू सुटेपर्यंत मी बोलत राहणार. ऐक. परवा एक नवरी आली. सोबत सासू. सासू म्हणते, सुनेला माझ्यापेक्षा गोरी दिसू द्यायची नाही."

"नफिसा, उठ. जड आहेस."

"असणारच. बिर्याणी काय उगीच खाते? तर सासू म्हणते, आधी माझा मेकअप कर. मी केला. मग नवरी रडायला लागली. मग नवरीची आई आली…"

मी हसायला लागले. हसता हसता तिचा हात धरला, पाय अडकवला, कंबर उचलली आणि नफिसा धप्पकन बाजूला गेली.

"सुटलीस!" ती ओरडली. सर लांबून टाळ्या वाजवत आले.

"ते राहू दे," मी म्हटलं. "नवरीच्या आईनं काय केलं?"

"ते उद्या. उद्या परत सुटलीस तर."

अशी ती मला रोज खाली दाबून गोष्टी सांगायची आणि मी रोज सुटायची. काय दिवस होते ते! घामानं थबथबलेली, कोपरं सोललेली, आणि तरी बसमध्ये एकटीच हसत घरी यायची मी. कंडक्टरला वाटायचं, पोरीचं लग्न ठरलं. आपलं शरीर आपल्याच कामाला येतंय, ही गोष्ट मला आधी कुणी सांगितलीच नव्हती. मला इतका आनंद व्हायचा की रात्री अंथरुणातही मी कोलंबी करायची आणि आई म्हणायची, "झोप की गं, गोधडीचा चेंदा केलास."

शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, "भिती वाटता?"

"वाटते."

"वाटाक होयी. नाय वाटली तर तू पळूचं नाय. ध्यानात ठेव, तुका त्याका हरवूचा नाय. तुका घराक जावचा आसा, इतक्याच."

रविवार उजाडला. आईनं अंगण शेणानं सारवून घेतलं होतं, जणू काही पूजाच आहे. आबा भिंतीला टेकून पाटावर बसले. विशू लाजत लाजत आला. बिचाऱ्याला मनातून ते आवडत नव्हतं.

"ताई, लागलं तर सांग हं," तो म्हणाला.

"तुला लागलं तर तू सांग," मी म्हटलं. तोंड माझं पहिल्यापासून असंच.

"ए, लावा आता!" आबा म्हणाले.

विशूनं एकाच झेपेत माझी कंबर धरली. मी कोपरं मध्ये घातली, पाय रोवले. पण तो पोरगा म्हणजे ट्रॅक्टरच. त्यानं मला उचललं आणि सावकाश, अगदी काळजीनं, शेणाच्या ओल्या सारवणावर पाठीवर ठेवलं. वर बसला. माझे दोन्ही खांदे टेकले.

"चीत!" आबा ओरडले.

आणि माझं अंग ढिलं पडलं. खरंच पडलं. सगळा क्लास, सगळी कोलंबी, सगळ्या नवऱ्या आणि सासवा, एका शब्दात कुठल्या कुठं गेल्या. वर आभाळ दिसत होतं आणि मनात आलं, गेली नोकरी.

पण विशूही आमच्याच अंगणात वाढलेला. "चीत" ऐकल्या ऐकल्या त्यानं रिवाजाप्रमाणं जोर सोडला, एक हात वर केला आणि विजयी मुद्रेनं आबांकडं बघितलं. त्याचा दुसरा हात माझ्या छातीजवळ टेकलेला होता. तो हात मला दिसला. मी तो धरला, त्या बाजूचा पाय अडकवला आणि कंबर उचलली. विशू थेट शेणकुटांच्या ढिगात गेला. मी उठून पळाले आणि दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

"सुटले!" मी ओरडले.

"हे धरायचं न्हाई!" आबा उभे राहिले. "तू चीत झालतीस!"

"काका, मी सोडलं होतं हिला!" विशू डोक्यातलं शेण काढत म्हणाला.

मी परत आत आले. अंगाची नुसती आग होत होती. "आबा, तिकडं कुणी माझ्या अंगावर आला तर तुम्ही 'चीत' म्हणायला येणार आहात? आणि तुम्ही म्हटलं की तो सोडणार आहे मला?"

"मर्यादेनं बोल."

"मर्यादेनंच विचारते. पाठ टेकल्यावर मी काय करायचं ते सांगा. तुम्ही मला कधी शिकवलंच नाही. पाठ टेकली की थांबायचं, एवढंच शिकवलंत!"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आयुष्यात आबांच्या कुस्तीच्या गोष्टीत बोलली नव्हती. ती म्हणाली, "अवं, पोरगी बरोबर बोलतीया."

आबांनी आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हळूहळू सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"विशू, बाजूला हो. मी धरतो हिला." सदरा त्यांनी आईच्या हातात दिला. "आणि ह्या वक्ताला कोण चीत म्हणणार न्हाई."

"आबा, राहू दे," माझी हवाच गेली. "तुमचं वय…"

"चोराला वय इचारणार हाईस?"

आणि त्यांनी धरलं. आई शप्पथ सांगते, विशूचा ट्रॅक्टर परवडला. आबांचा हात लागला आणि मला कळलं की ह्या माणसाच्या पाठीला माती का लागली नव्हती. कुठं ओढलं, कसं वळवलं, काही समजलं नाही; मी खाली होते आणि आबा माझ्यावर. ते थांबले नाहीत. त्यांनी माझी दोन्ही मनगटं दाबली आणि खरंच दाबली, दुखेपर्यंत. त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. लहानपणानंतर आबांना मी इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत भीती होती. माझ्या आबांच्या डोळ्यांत भीती! तेव्हा मला समजलं, की हा माणूस रोज रात्री हेच बघत होता. मी कुठंतरी खाली पडलेली आणि वर कुणीतरी.

"सूट," ते दातओठ खात म्हणाले. "सूट, मैने. मी सोडणार न्हाई."

मी पूल केला. आबांनी लगेच माझं एक मनगट सोडून हात बाहेर टेकला आणि जागेवर राहिले. परत केला. परत तेच. पहिलवान होते ते, तोल म्हणजे काय हे त्यांना मी शिकवणार? छाती भरून आली, श्वास पुरेना. पण अंग ढिलं पडलं नाही. खांदे मातीला टेकलेले होते आणि मी जागी होते, लख्ख जागी. मी कुशीवर वळले, कोपर त्यांच्या मांडीला लावलं आणि कंबर मागं ढकलली. कोलंबी. परत ढकलली. एक गुडघा मधे आला. आबा माझ्या गुडघ्यावर चढायला पुढं झुकले, आणि पुढं झुकताना त्यांनी माझं दुसरं मनगटही सोडून हात माझ्या खांद्याशी टेकला. मी तो हात दोन्ही हातांनी छातीशी आवळला, त्यांचा पाय अडकवला, आणि "आई गं!" म्हणून जी कंबर उचलली, ती अजून मला कमरेत आठवते.

आबा कलंडले. त्यांची पाठ अंगणाला लागली. दोन्ही खांदे.

विशूनं तोंडावर हात ठेवला. आईच्या हातातला सदरा खाली पडला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे मी काय केलं, असं झालं मला. मी झटकन त्यांच्यावरून उठले, बाजूला उभी राहिले आणि वाकून हात पुढं केला. "आबा, उठा. लागलं का हो?"

आबा आभाळाकडं बघत पडले होते. त्यांनी माझा हात धरला. पण उठायला नव्हे. मनगट असं आवळलं की मी कळवळले.

"उभी का ऱ्हायलीस?" ते खालूनच गरजले.

"आबा, तुम्ही चीत झालात…"

"मग? रस्त्यावरच्या माणसाला हात दिऊन उठवणार हाईस व्हय? पळ!"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते हसत होते. पाठीखाली शेणमाती, केसांत गवत, आणि आबा दात दाखवून हसत होते. मनगट मात्र सोडत नव्हते.

"पळ की गं, माझे बाई!"

मी अंगठ्याच्या बाजूनं हात हिसडला, सुटला, आणि पळाले. दार ओलांडलं, गल्ली ओलांडली. दूध घालायला चाललेले लोक किटल्या घेऊन बाजूला झाले. कुणी विचारलं, "काय झालं गं पहिलवानाच्या पोरी?" पण मी रडत होते, हसत होते आणि धावत होते.

मागून आईचा आवाज आला, "अगं, चपला तरी घालून जा!"

आणि त्याच्या वरताण आबांचा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा: "जाऊ दे गं तिला! जाऊ दे!"